शांत गाडी की सुरेल गाडी? दोन इलेक्ट्रिक कार, कानाने तपासलेल्या

दाजींना इलेक्ट्रिक कार घ्यायचीय. रेंज, चार्जिंग, हप्ता असा महिनाभर हिशेब मांडून शेवटी दोन गाड्या उरल्या. कागदावर दोघी उन्नीस-बीस. म्हणून सोलापुरात होटगी रोडला दोन्हींची ट्रायल घेतली. फोनमधल्या ॲपवर पहिली गाडी दुसरीपेक्षा दोन-तीन डेसिबलनं शांत निघाली. तरी दाजी उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. ते भजनात पेटी वाजवतात. म्हणाले, "कुणीतरी सा धरलाय अन् शेजारची काळी पट्टीपण दाबून ठेवलीया, असं वाजतंय हे."

मागे बसलेल्या ताईला काहीच जाणवलं नव्हतं. दाजींनी सांगितल्यावर मात्र तिला तेवढंच ऐकू यायला लागलं.

पेट्रोल गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली बारीक आवाज झाकून जातात. इलेक्ट्रिकमध्ये ते पांघरूण नाही. मोटरची शिट्टी एक आणि गिअरची शिट्टी दुसरी, दोन्ही उघड्या पडतात. मग त्या किती मोठ्या यापेक्षा एकमेकींशी कशा लागतात, यावर सगळं ठरतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांशेजारी वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. खडखडाटात त्याला झोप लागते, आणि पंख्याची एक बारीक कुरकुर त्याला उठवते.

थोडं गणित करू. आकडे नमुन्याचे आहेत, या दोन गाड्यांच्या गिअरचे दात काही मी मोजलेले नाहीत. आठ चुंबकी ध्रुवांची मोटर एका फेऱ्यात 24 बारीक हिसके देते. तिच्या शाफ्टवरच्या गिअरला 23 दात असले, तर त्याच फेऱ्यात 23 दात एकामागून एक लागतात. ताशी 40 च्या आसपास मोटर मिनिटाला साधारण 3000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 50. झाले दोन सूर: 1200 हर्ट्झ आणि 1150 हर्ट्झ. कोमल रे जेवढा सा पासून लांब असतो, तेवढंही अंतर यांच्यात नाही. कानाला ते धड एक वाटत नाहीत, धड दोन वाटत नाहीत, नुसती खरखर ऐकू येते. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी 1965 मध्ये दाखवलं, की कानाच्या 'क्रिटिकल बँड'च्या, म्हणजे ज्या पट्ट्यातले सूर कानाला नीट वेगळे काढता येत नाहीत त्या पट्ट्याच्या, साधारण चौथ्या हिश्शाएवढा फरक असला की दोन सूर सर्वांत जास्त खुपतात. 1200 हर्ट्झजवळ हा बँड सुमारे 190 हर्ट्झचा, त्याचा चौथा हिस्सा जेमतेम 48. आपला फरक 50. नेम धरून मारल्यासारखा!

आणि नुसता वेग वाढवून सुरांचं हे नातं सुटत नाही. दोन्ही सूर एकाच शाफ्टला बांधलेले, त्यामुळे ताशी 80 ला ते 2400 आणि 2300 होतात, नातं तेच. त्याच गिअरला 18 दात असते तर 1200 आणि 900 मिळाले असते, म्हणजे सा आणि शुद्ध म. आवाज तेवढाच, पण कुणी आठ्या घातल्या नसत्या. मग 23 दात ठेवतंच कोण? त्यालाही कारण आहे. 23 ही मूळ संख्या, त्यामुळे तेच ते दात पुन्हापुन्हा समोरासमोर येत नाहीत आणि झीज सारखी होते. गिअर टिकतो, कान झिजतात.

दुसऱ्या गाडीची शिट्टी मोठी आहे, हे खरं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकिंगमधून बॅटरी भरायला लागली की ती आणखी चढते, कारण दातांच्या दुसऱ्या बाजूवर भार येतो. पण ती एकसुरी आहे, पाच मिनिटांत कान तिला सोडून देतो. मला तरी ती चालली.

पहिली गाडी अगदीच वाया गेलेली नाही. उन्हाळ्यात एसीचा पंखा पूर्ण सोडला की त्याच्या फरफरीत खरखर बुडते. पुणे हायवेला ताशी 90 ला टायर आणि वारा तिला गिळतात. ती छळते मधल्या वेगात, गुळगुळीत डांबरावर, एसी मंद असताना. सोलापुरात हिवाळ्यात रोज सकाळी ऑफिसला जाणाऱ्याची अवस्था नेमकी हीच. ज्याचं फिरणं बहुतेक हायवेला, त्यानं पहिली खुशाल घ्यावी. दाजी रोज जुळे सोलापूर ते एमआयडीसी जातात, त्यांनी दुसरी घ्यावी असं माझं मत.

ट्रायलला शोरूमचा माणूस बसल्याबसल्या गाणी लावतो आणि एसी फुल करतो. दोन्ही बंद करायला सांगा. काचा वर घ्या, ताशी 30 ते 60 हळूहळू चढवा, मग पाय सोडून उतरवा. फोनमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले सूर रेघांनी दाखवणारं ॲप लावलं तर वेगाबरोबर चढणाऱ्या रेघा दिसतील. दोन रेघा अगदी चिकटून चढत असतील तर डेसिबलचा आकडा विसरा.

दाजींनी दुसरीचं टोकन भरलंय. ताईला तिचा रंग आवडलेला नाही, ते प्रकरण अजून चालू आहे.