१३० मिमीची टेबलटॉप डॉब्सोनियन दुर्बीण: सात महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे पहिली दुर्बीण आली. आता मे संपत आलाय. पावसाळ्यासाठी ती गुंडाळून ठेवायची वेळ झाली, म्हणून त्याआधी सगळं सविस्तर लिहून काढतेय. घेण्याआधी मी दोन महिने हेच शोधत होते: वीस-पंचवीस हजारांत पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर तिच्यासोबत नेमकं काय काय करावं लागतं. पहिल्या प्रश्नाची उत्तरं भरपूर मिळाली. दुसऱ्याची फारशी मिळाली नाहीत.

आधी वस्तू सांगते. आरशाची, म्हणजे न्यूटोनियन पद्धतीची दुर्बीण. मुख्य आरशाचा व्यास १३० मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते ते अंतर) ६५० मिमी. सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळ्याशी लावायची भिंगं), नेम धरायला लाल ठिपक्याचा फाइंडर आणि खाली लाकडी फिरती बैठक, तिलाच डॉब्सोनियन म्हणतात. नळी अर्धीच बंद आहे. पुढचा भाग दोन दांड्यांवर बाहेर ओढायचा आणि काम झालं की आत सरकवायचा. वजन सहा किलोच्या आसपास. मला घरपोच २३ हजारांना पडली. आम्ही साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, गच्ची आणखी एक जिना वर. ही माहिती महत्त्वाची आहे, कारण माझी निवड तिच्यावरच ठरली.

पहिल्यांदा मी जवळजवळ दुसरंच काहीतरी घेणार होते. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाकडे ७६ मिमी आरशाची, ७०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण होती. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असं छापलेलं. किंमत माझ्या बजेटच्या निम्म्याहून कमी. एका संध्याकाळी त्याच्या गच्चीवर चंद्र पाहायला गेले. मोठ्या, म्हणजे जास्त मिमीच्या आयपीसमधून चंद्र छान दिसला, खोटं कशाला सांगू. मग त्यानं ४ मिमीचा आयपीस आणि तीन पटींचा बार्लो (चित्र आणखी मोठं करणारं जादा भिंग) लावला. भिंगात करडा, थरथरणारा डाग आला. फोकसच्या चाकाला बोट लावलं की सगळं हलायचं, आणि ते थांबेपर्यंत चंद्र निघून गेलेला असायचा.

घरी येऊन हिशेब केला. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ म्हणजे किती पट. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला बार्लोचे तीन, झाले ५२५. आकडा बरोबरच आहे, पण ७६ मिमीच्या आरशात तेवढा तपशील नसतोच. व्यासाच्या मिलिमीटरला दोन पट, ही अगदी वरची मर्यादा मानतात, म्हणजे ७६ ला दीडशे. त्यापुढे चित्र फक्त मोठं, अंधूक आणि धूसर होत जातं. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की बार्लो काढून ठेव आणि मोठ्या आयपीसनं बघ. तो आता तसंच बघतो.

म्हणजे पाहायचा आकडा व्यासाचा. १३० मिमीचा आरसा ७६ मिमीच्या जवळजवळ तिप्पट प्रकाश गोळा करतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. त्या हिशेबानं २०० मिमीचा आठ इंची डॉब्सोनियन आणखी चांगला, आणि पुण्यातल्या हौशी मंडळींच्या एका आकाशदर्शनात त्यातून पाहिल्यावर मन तिथंच अडकलं होतं. पण तो बैठकीसकट वीस किलोच्या पुढे जातो आणि किंमत माझ्या आवाक्याच्या दुप्पट. चार जिने तो रोज कोण चढवणार? त्याच रात्री हा १३० मिमीचा नमुनाही तिथं एका टेबलावर होता. तो एका हातानं उचलून बघितला आणि ठरवलं. विकत घेण्याआधी असं एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करतेय, मुंबईकरांसाठी खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम आहेत.

बैठकीबद्दल थोडं. याच किमतीत बारीक तिपायांवर विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या फिरण्याबरोबर वळवता येणारी तिरकी बैठक) असलेल्या दुर्बिणी मिळतात, दिसायला शास्त्रीय वाटतात. पण त्या किमतीतलं माउंट लटपटतं, आणि ध्रुवाकडे रोखून लावण्यात नवशिक्याची पहिली अर्धी रात्र जाते. डॉब्सोनियन बैठक म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी लाकडी पेटी. ती ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत तेवीस वर्षं संन्यासी होते. मठातल्या माणसाकडे पैसा कुठला! जहाजांच्या खिडक्यांच्या भंगारातल्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवुड वापरलं. मठ सुटल्यावर ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत उभे राहायचे. पैसे आरशावर घालायचे आणि बैठक साधी पण घट्ट ठेवायची, हा विचार तिथून आलाय. माझ्या तेवीस हजारांचं चीज त्यामुळेच झालं असं मला वाटतं.

आता खरी अडचण. ‘टेबलटॉप’ म्हणजे तिला टेबल लागतं, आणि ते टेबल खोक्यात येत नाही. पहिल्या रात्री मी जमिनीवर ठेवून गुडघे टेकून पाहिलं, वीस मिनिटांत पाठ भरून आली. दुसऱ्या रात्री प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. त्यावर गुरूला बोट लावलं की तो चार सेकंद नाचायचा. गच्चीचा कठडा अरुंद. लोखंडी चौपाई आणली तर गच्चीचा उतार असा की एक पाय कायम अधांतरी. शेवटी आमच्या सुतारकाकांना जुन्या सागवानी फळकुटांची तिपाई करायला सांगितली, दोन फूट उंच, पाय बाहेर फाकलेले. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच, हे त्यांनीच सांगितलं. वरच्या फळीवर बैठकीचे तीन रबरी पाय बसतील असे उथळ खड्डे त्यांनी पटाशीनं कोरून दिले. नऊशे रुपये घेतले. आता समोर खुर्ची टाकून निवांत बसता येतं, आणि फोकस करताना चित्र लगेच थांबतं. बजेट करताना हे हजार रुपये धरूनच चाला, कारण या तिपाईशिवाय मी ही दुर्बीण कुणाला सुचवणार नाही.

लेक सातवीत आहे. तिला शनीची कडी बघायची होती, तिच्यासाठीच तर सगळा घाट. नेमकं हे वर्ष असं की २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली आणि नोव्हेंबरात कडी पुन्हा जवळजवळ आडवी, धारेवर आलेली. १० मिमीच्या आयपीसमधून, म्हणजे ६५ पटींत, छोटा पिवळसर गोळा आणि त्याला आरपार टोचलेली केसाएवढी रेघ, बाजूला टायटन या शनीच्या चंद्राचा ठिपका. तिचा चेहरा पडला. पुस्तकातलं चित्र आणि हे! मग मी एक ताटली घेऊन तिच्या डोळ्यांसमोर आधी तिरकी धरली, मग सरळ आडवी, फक्त कड दिसेल अशी. तिनं ताटली हातात घेतली, दोन-तीनदा फिरवली आणि परत आयपीसला डोळा लावला. त्यानंतर ती दहा मिनिटं उठली नाही. मुलांना दाखवणार असाल तर आधी सांगा: चित्रातले रंग आणि आकार दिसणार नाहीत. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची आहे, पण गावातून ती धुरकट डागासारखी दिसते. मृगातला तेजोमेघ पंख पसरल्यासारखा, राखाडीत किंचित हिरवट झाक. गुलाबी अजिबात नाही. तरी त्याच्या पोटातले चार तारे ६५ पटींत सुटे दिसले तेव्हा मी मोठ्यांदा ओरडले होते.

गुरू मात्र या वर्षी भरभरून मिळाला. जानेवारीत तो मिथुनेत, आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता. २५ मिमीचा आयपीस २६ पट देतो. गॅलिलिओनं १६१० मध्ये चार चंद्र पाहिले ती दुर्बीण साधारण २० पटींची होती, म्हणजे आपल्या सगळ्यात कमी ताकदीच्या आयपीसमधूनही त्याच्यापेक्षा जास्त दिसतं. ६५ पटींत दोन पट्टे स्पष्ट. पुढे मी ६ मिमीचा रुंद दृष्टीचा आयपीस घेतला, १०८ पट. फेब्रुवारीत हवा स्थिर असताना एका रात्री गुरूच्या बिंबावर चंद्राच्या सावलीचा टाचणीएवढा काळा ठिपका सरकताना पाहिला. एक अडचण होती: मध्यरात्री गुरू आमच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर यायचा आणि डॉब्सोनियनला सरळ वर रोखणं जिकिरीचं. बैठक गोल फिरत राहते पण नळी पाहिजे तिकडे जात नाही, फाइंडरला डोळा लावायला मान मोडावी लागते. त्यामुळे रात्री नऊला, तो पूर्वेला अर्ध्या आकाशात असतानाच बघून घ्यायचो. शिवाय मोटर नसल्यानं ६५ पटींत ग्रह तीन मिनिटांत दृष्टीबाहेर जातो. हातानं हलकेच ढकलत राहायचं. आठवडाभरात सवय होते.

तक्रारी. फोकसर, म्हणजे फोकस जुळवायचा भाग, आट्यांचा आहे, बरणीच्या झाकणासारखा फिरवायचा, आणि त्यात खेळ आहे. आयपीस एका बाजूला झुकतो. नळजोडणीला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे दिली, गेले पाच महिने ठीक आहे. नळी अर्धी उघडी असल्यानं शेजारच्या बल्बचा उजेड थेट आत येतो. स्टेशनरीच्या दुकानातलं काळं फोम शीट दांड्यांभोवती गुंडाळलं की काळोख लगेच जाणवण्याइतका गडद होतो. आणि पार्सल आलं तेव्हा नळीच्या तोंडाजवळच्या लहान आरशाचा स्क्रू सैल होता. विक्रेत्यानं उत्तर द्यायला नऊ दिवस लावले, तोवर मी स्वतःच शिकून बसवला.

ते शिकलेलं पुढे कामाला आलं. मेढ्याच्या पुढे आमचं गाव आहे, तिथं गाडीतून नेली की खड्ड्यांनी आरशांची रेषा हमखास बिघडते. ती परत जुळवणं म्हणजे कॉलिमेशन, त्या शब्दाला घाबरू नका. आयपीसच्या जागी मधोमध बारीक भोक पाडलेलं झाकण लावायचं, आत बघायचं, मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून मुख्य आरशावरची मधली खूण भोकाच्या प्रतिबिंबाखाली आणायची. पहिल्यांदा तास लागला, आता पाच मिनिटं. ताऱ्याचं फोकस मुद्दाम बिघडवल्यावर वर्तुळं एकात एक सारखी दिसली की झालं. आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास आरसा थंड होऊ द्या, त्याआधी गुरू पाण्याखाली असल्यासारखा दिसतो.

गावात चैत्रातल्या अमावस्येला अंगणात लावली होती. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला, डोंगराच्या कडेवर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. नुसत्या डोळ्यांना तो अस्पष्ट ताऱ्यासारखा. २६ पटींत धुक्याचा गोळा. ६५ पटींत तो गोळा रवाळ झाला, साखर सांडल्यासारखा. सतरा हजार प्रकाशवर्षांवर, सुमारे एक कोटी तारे. युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींना हा गुच्छ घरून दिसतच नाही, आपल्याला अंगणातून दिसतो.

आणि आबा. माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. दुर्बीण आल्यापासून त्यांनी “पोरांनी बघा” म्हणून कधी जवळ यायचं मनावर घेतलं नव्हतं. त्या रात्री मी सप्तर्षी रोखले आणि म्हटलं, “आबा, लग्नात अरुंधती दाखवतात ना, या, बघा.” ते खुर्चीत बसले, चष्मा कपाळावर सरकवला.

“अरुंधती दिसली का?”

“दिसली. पण हा वसिष्ठ दोन का दिसतोय? माझा डोळा का?”

डोळा नव्हता. वसिष्ठ खरोखरच जोडतारा आहे, दुर्बिणीतूनच सुटा होतो. मी आयपीस बदलला, दोघांतलं अंतर वाढलं, आणि आबांनी आत जाऊन सासूबाईंना उठवून आणलं.

काही सुट्या गोष्टी. चंद्र पौर्णिमेला बघू नका, अष्टमीच्या आसपास बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. आयपीसला मोबाईल टेकवून चंद्राचे फोटो छान येतात. ग्रहांचे, तेजोमेघांचे फोटो हेच मुख्य वेड असेल तर ही दुर्बीण घेऊ नका. सूर्याकडे दुर्बिणीच्या तोंडाशी बसणारा खास फिल्टर असल्याशिवाय कधीही रोखू नका, आणि काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसला लावायचा छोटा सूर्यफिल्टर येतो तो फेकून द्या. उष्णतेनं तो तडकतो आणि डोळा जातो.

बजेट दहा हजारांच्या आत असेल तर मी १०×५० ची (दहा पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्यायला सांगेन. कृत्तिका, पुष्यातला गुच्छ, गुरूचे चंद्र तीही दाखवते. आणि जूनच्या तोंडावर काहीच घेऊ नका, चार महिने पेटीत पडून राहील.

आमची आज पेटीत जातेय. आरसा पुसलेला नाही, धूळ बारीक आहे, फडक्यानं उगाच ओरखडे पडतील. झाकणं लावली, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या सहा पुड्या टाकल्या. पावसात काचेवर बुरशी धरते, म्हणून दर महिन्याला त्या बदलायच्या आहेत. कॅलेंडरवर खुणा लेकीनं केल्यात. ऑक्टोबरच्या पानावर तिनं आडव्या ताटलीऐवजी थोडी तिरकी ताटली काढलीये, कारण तोवर शनीची कडी जरा उघडलेली असतील.