मोफत पाय-तपासणी आणि 9,900 रुपयांचं गढूळ पाणी

‘शुगरवाल्यांसाठी मोफत पाय-तपासणी’ असा फलक दिसला की आधी खिसा सांभाळा. सासऱ्यांच्या पायांपायी आमचे 9,900 रुपये गेले. ‘डिटॉक्स’च्या 21 बैठकांचे 6,300, चुंबकाच्या चपलेचे 2,450, ‘नसांच्या’ तेलाचे 1,150. पावती म्हणजे कोऱ्या कागदावर शिक्का. ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता.

शिकलीसवरलेली माणसं फसलीच कशी, असं विचारणारे भेटतातच. फसली, कारण तपासणी खरी होती! तळव्याला कंप देणारं यंत्र लावलं आणि कंप जाणवेपर्यंत आकडा 25 व्होल्टच्या वर गेला. म्हणजे संवेदना बरीच गेलेली, जखमेचा धोका मोठा. कुठलाही जाणकार डॉक्टर हेच सांगेल. निदान खरं निघालं की पुढची थापही खपते, आणि सगळा धंदा त्यावरच चालतो.

मग ‘डिटॉक्स’चा टब. कोमट पाण्यात मीठ, त्यात धातूच्या पट्ट्या, थोड्या वेळात पाणी विटकरी. ‘बघा, अंगातली घाण!’ अहो, गंज तो. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. पाय न बुडवता यंत्र चालवा, पाणी तसंच होतं. तेवढं एकदा करून दाखवा म्हणा, टब लगेच आवरला जाईल.

खरा संताप चपलेचा. ‘तळव्याला काही कळत नाही’ हे ज्यानं यंत्रावर दाखवलं, त्यानंच लगेच टोकदार गोळ्यांची ती चुंबकाची चप्पल पुढे केली. उठायला हवं होतं ते तिथेच. बधिर पायाला टोचलेलं कळत नाही. एकाच जागी दाब पडत राहतो, घट्टा धरतो, घट्ट्याखाली पाणी होतं आणि मग जखम. आमच्याकडे ती कळली मोज्यावरच्या डागावरून. ‘झिणझिण्या थांबल्या, नस सुधारली’ हीही लोणकढी थाप; नस पुरती निकामी झाली तरी झिणझिण्या थांबतात.

चप्पल घ्यायचीच तर एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरची. आत मऊ रबर, खाली न वाकणारा टणक तळ, मागे पट्टा. अंगठा अडकवायची नको. कुरुपावर दुकानातली पट्टीही नको, त्यातलं सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीसुद्धा खातं.

तक्रारीचं काय झालं? पोलीस म्हणाले, ग्राहक मंचात जा. औषधवाल्या खात्यात उत्तर मिळालं, ‘चप्पल औषधात येत नाही.’ येते! आक्षेपार्ह जाहिरातींचा 1954 चा कायदा उघडा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात त्यात बंद आहे, आणि शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी विकलेली वस्तूही त्यात औषधच ठरते. हे आम्ही वाचून दाखवायचं आणि पगार यांनी घ्यायचा? वर ‘अर्ज ठेवून जा.’ तपासणी ज्या सभागृहात भरली तिथले म्हणे, आम्ही फक्त भाडं घेतो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारतात, आणि पावतीवर नेमकं तेच नाही.

म्हणून रोख देऊ नका, यूपीआयनं दिले तर नाव तरी उरतं. फलकाचा फोटो काढा. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. जखम दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा.

आणि ते तेल. ‘बोटांच्या बेचक्यात चोळा’ म्हणाले होते. तिथे मुळीच लावू नका, ओल राहून बुरशी धरते. टाचेच्या भेगांना साधं व्हॅसलीन पुरतं.