वाकी, कोलितमारा की अंभोरा? पोराबाळांसोबत नदीकाठी एक रात्र काढायची असेल तर

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात अर्ध्या घरांत हाच विषय, टेंटमध्ये राहू, नदीकाठी जाऊ, पोट्ट्यांना मोबाईलपासून जरा लांब नेऊ, आणि मग कोणी वाकी म्हणतं कोणी पेंच, म्हणजे कोलितमारा, म्हणतं आणि एखादा काका हमखास विचारतो की अंभोऱ्याचा नवा पूल पाहिला का. तिन्ही जागा मस्त आहेत पण तिघींचं काम वेगळं आहे. माझं म्हणणं एवढंच की दुपारच्या फोटोवरून ठरवू नका, रात्री दोन वाजता पोरगं उठून सूसू म्हणालं किंवा आजीचं पोट बिघडलं तर तिथे काय करणार यावरून ठरवा.

पहिलीच वेळ असेल आणि सोबत चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर सरळ वाकी. सावनेर रोडने पाटणसावंगीच्या बाजूला, कन्हान नदीच्या काठी, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यामुळे गाव सगळ्यांना माहीतच आहे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जवळ आहे, ट्रॅफिक नसेल तर तासाभरात पोचता, आणि रात्री पोराला ताप आला तर गाडी काढून तेवढ्याच वेळात घरी. जंगल म्हणाल तर काही नाही, शेतं आहेत, झाडं आहेत, वीकेंडला शेजारच्या ग्रुपचा स्पीकर पण असतो, त्यामुळे बुकिंग करतानाच विचारून घ्या की गाणी किती वाजता बंद होतात.

पण वाकीत एक गोष्ट अजिबात हलक्यात घ्यायची नाही, ती म्हणजे पाणी. कन्हान वरून शांत दिसते, घोट्याएवढं पाणी, वाळू, पोरं धावतच सुटतात. या नदीत रेती उपसून उपसून खड्डे झालेत, चार पावलं गुडघाभर आणि पाचव्या पावलाला डोह, वरून काहीच कळत नाही, आणि पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय कन्हान येते छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून, म्हणजे इकडे ऊन पडलेलं असलं तरी तिकडे जोराचा पाऊस झाला की पाणी चढू शकतं. म्हणून पावसाळ्यात नाहीच जायचं, आणि हिवाळ्यातही एक मोठा माणूस फक्त पाण्याकडे लक्ष ठेवायला, त्याच्या हातात मोबाईल नको. बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट पोराच्या मापाचं आहे का ते आधी पाहा, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोरगं खालून निसटतं. मापाचं नसेल तर बोट कॅन्सल, रडू द्या.

कोलितमारा वेगळंच प्रकरण आहे. पारशिवनीकडून जायचं, पेंच नदीचा नवेगाव खैरीच्या धरणाने अडलेला पसारा, दोन्हीकडे जंगल, वनखात्याचं बोटिंग. आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी याच धरणाचं, हे तिथे बसून पोरांना सांगितलं की त्यांना भारी वाटतं. मुक्काम मात्र जिथे परवानगी आहे तिथेच, आपला टेंट उचलून काठावर कुठेही लावता येत नाही, वाघाचं जंगल आहे बापा. जागा मिळाली नाही तर जबलपूर रोडने सिल्लारीला राहायचं आणि नदीवर दिवसा यायचं, फक्त नकाशावर जवळ दिसतं तेवढं ते रस्त्याने जवळ नाही. आकाशासाठी तर पेंचला तोड नाही, 2024 च्या जानेवारीत याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, अमावास्येच्या आसपास गेलात तर जे तारे नागपुरात गच्चीवरून कधीच दिसत नाहीत ते दिसतात. आठ-दहा वर्षांच्या पोरांना हेच आवडेल, छोट्यांना अंधाराची भीती वाटते. कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागातली, सफारी 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते, म्हणून तारखा त्यानंतरच्याच धरा.

आता जेवण, कारण आपल्याकडे त्याशिवाय कॅम्पिंग कसलं. वाकीला किंवा अंभोऱ्याला जागामालकाने हो म्हटलं तर रोडगे करता येतात, गोवऱ्या पेटवायच्या, आर (निखारे) पडला की त्यात कणकेचे रोडगे फिरवत भाजायचे, राख झटकून फोडून तुपात, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पेंचमध्ये हे विसरा. जंगलात आग म्हणजे गुन्हा, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून तर वणव्याचा सीझन धरतात, तेव्हा कॅम्पवाला देईल ते खा. आणि जिथे पेटवाल तिथे विझवताना वरून रेती टाकून मोकळे होऊ नका, खाली निखारे तसेच धगधगत राहतात आणि सकाळी पोरगं अनवाणी त्यावरच पाय देतं. पाणी ओता, काठीने हलवा, परत ओता, हाताला गार लागेपर्यंत.

अंभोऱ्याचं थोडक्यात सांगतो कारण मुक्कामासाठी मला ते तिसऱ्या नंबरवर वाटतं. कुही तालुक्यात वैनगंगा, कन्हान, आम वगैरे पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर, आणि भंडाऱ्याला जोडणारा केबलचा पूल. आजीआजोबा खूश, फोटो खूश. पण गोसेखुर्द धरणाचं बॅकवॉटर आहे, पाण्याची पातळी वर्षभरात बरीच खालीवर होते, आज जिथे सपाट काठ दिसतो तिथे पुढच्या महिन्यात काठ असेलच असं नाही, त्यामुळे टेंट उंचावरच. महाशिवरात्रीला तर जत्रेची गर्दी. सकाळी निघून संध्याकाळी परत, हेच बरं.

थंडीचं काहून कोणी सांगत नाही कळत नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 डिग्री होतं, आणि नदीकाठी शहरापेक्षा जास्तच गार लागतं, पहाटे टेंटच्या आतून दव टपकतं. अंगावरच्यापेक्षा अंगाखाली जास्त घाला, जाड सतरंजी किंवा फोमची मॅट, नाहीतर रजाई असूनही पाठ गारठते. टेंटची चेन रात्रभर बंद, चपलाबूट आत, कारण मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याचा दंश कधी कधी कळतही नाही. सूसूला जाताना टॉर्च खाली जमिनीवर, आणि पोरासोबत मोठं माणूस पाहिजेच.

म्हणजे माझ्या बहिणीने विचारलं (तिचं एक चार वर्षांचं, एक दहाचं, सोबत सासूबाई) तर मी वाकीच सांगीन, तेही कमोड असलेलं संडास टेंटपासून किती पावलांवर आहे हे फोनवर विचारून, आणि दोन वर्षांनी धाकटं मोठं झालं की पेंच. आणि चार जणांचा टेंट म्हणतात त्यात मोठी माणसं तीनच नीट झोपतात, तेव्हा दोन घ्या.