दुबईच्या करामा भागातली आमच्या बिल्डिंगखालची ग्रोसरी: फक्त उन्हाळ्याचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेतीन)

आधीच सांगते, हिवाळ्यात या दुकानाबद्दल मी एक ओळ लिहिली नसती. नोव्हेंबर ते मार्च दुबईत कोणीही कुठेही चालत जाऊ शकतं, हायपरमार्केटला जा, ट्रॉली भरा, चार दिरहम वाचवा, कोण अडवतंय. ग्रोसरीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. तेव्हा रस्त्याच्या पलीकडचं मेडिकलसुद्धा परगाव वाटतं आणि खाली उतरून दहा पावलांवर जे मिळेल तेच आपलं.

दुकान म्हणजे काय, तर इथल्या भाषेत बकाला, आपण सगळे ग्रोसरी म्हणतो. आमच्या बेडरूमपेक्षा थोडंसं मोठं. दारात पाच गॅलनच्या बाटल्यांची रांग, वर चिप्स ओमानच्या माळा, आत तीन फ्रीज, एक आइस्क्रीमचा फ्रीजर, आणि काउंटरमागे मालक, मलबारचे, सगळे त्यांना इक्का (म्हणजे दादा) म्हणतात म्हणून आम्हीपण. मेट्रोपासून चालत सात मिनिटं. ऑगस्टमध्ये ती सात मिनिटं बिल्डिंगच्या सावल्या शोधत शोधत बारा होतात.

आता आम्ही नागपूरचे. म्हणजे उन्हाचं कोणी आम्हाला शिकवू नये असा आमचा समज. नवतपा बघितलेला, ४६-४७ मध्ये तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटी चालवलेली. पहिल्या वर्षी नवऱ्याला म्हणलं, एवढं एसीचं बिल कशाला भरायचं, एक कूलर घेऊ. तो नुसता हसला. का हसला ते ऑगस्टात कळलं. कूलर चालतो कोरड्या हवेत, टाटीतलं पाणी उडतं म्हणून गार वाटतं, इथे समुद्र उशाला, हवाच इतकी ओली की पाणी उडणार कुठे! बिल्डिंगच्या दारातून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं आंधळ्यासारखं उभं राहायचं. आकडे बघाल तर वाळवंटात आतल्या बाजूला जास्त, १ ऑगस्ट २०२५ ला अल ऐनकडच्या स्वेहानला ५१.८ नोंदलं गेलं, आमच्याकडे त्याहून कमीच, पण तिकडे घाम वाळतो तरी. इथे नाही वाळत.

आणि नळ. हे भारतातल्या कोणाला सांगितलं की खोटं वाटतं. पाण्याची टाकी गच्चीवर, दिवसभर तापते, त्यामुळे जूननंतर थंडच्या नळाला पोळेल असं पाणी येतं. उपाय काय, तर मे महिन्यात गीझर बंद करायचा, तो घराच्या आत एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी निवतं, मग गरमचा नळ सोडला की गार पाणी. म्हणजे चार महिने लाल खुणेचा नळ थंड आणि निळ्या खुणेचा गरम. पाहुणे हमखास चुकतात आणि ओरडतात. तरी दोन जणांच्या आंघोळीत गीझर संपतोच, मग ग्रोसरीतून बर्फाची पिशवी आणायची आणि बादलीत ओतायची. तर दुकानाचा पहिला मार्क या बर्फाला. पिशव्या घट्ट, एकाला एक चिकटून दगड झालेल्या नसतात. फक्त दुपारपर्यंत संपतात.

डिलिव्हरी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं, 'दही १, लिंबू ४, कडीपत्ता', पंधरा मिनिटांत बेल वाजते. पैसे नाही लागत, कमीत कमी ऑर्डर अशी भानगड नाही. पोरगा सायकलवर येतो, चौथा मजला, आणि आमची लिफ्ट वर्षातून चारदा बसते. इथे मला दुकानापेक्षा गिऱ्हाइकांवर जास्त राग आहे खरं सांगायचं तर. दुपारी अडीच वाजता एक सिगरेटचं पाकीट मागवणारे महाभाग आहेत आमच्याच मजल्यावर. आम्ही घरात नियम केलाय, १२ ते ४ काही मागवायचं नाही, चहात दूध नसेल तर काळा प्या. तो आला की आधी पाणी द्यायचं, मग पिशवी घ्यायची. एकदा त्याने ग्लास हातात घेतला आणि प्यायचं सोडून आधी गालाला लावला. तेव्हापासून मुलगी त्याच्यासाठी स्टीलचा पेला फ्रीजमध्ये ठेवते.

मालाचं म्हणाल तर कडीपत्ता, नेंद्रण केळी, नारळ एक नंबर, केरळवाल्यांचं दुकान म्हटल्यावर ते असणारच. दही, लबान रोज ताजं. लबान म्हणजे आपलं ताकच, फक्त दाट, जिरेपूड-मीठ घातलं की कोणी ओळखणार नाही. आंबे क्रमाने येतात, एप्रिल-मेमध्ये विमानाने हापूस, जूनपासून पाकिस्तानी सिंधडी, मग चौसा. चौसा खाऊन बोटं चाटली हे माझ्या रत्नागिरीच्या जावेला कृपया कोणी कळवू नका. जुलैत पिवळे बरही खजूर येतात, देठासकट, सफरचंदासारखे कुरकुरीत, पहिल्यांदा खाल्ले तेव्हा तोंड तुरट झालं आणि मी म्हणलं कच्चे दिले मेल्याने, तर ते तसेच खायचे असतात. आठवडाभर ठेवले की एकेक पिकून मऊ होतो, मधासारखा. इक्का न मागता चार टाकतात पिशवीत.

कोथिंबीर मात्र भंगार. हा माझा मुख्य आक्षेप. सकाळी हिरवीगार येते आणि अकरापर्यंत म्हशीने चघळल्यासारखी. फ्रीजच्या बाहेर, दाराजवळच्या क्रेटमध्ये ठेवतात, दर वेळी दार उघडलं की गरम वाफ तिच्यावर. सांगून थकले.

आता गेल्या उन्हाळ्याचा किस्सा, कारण रिव्ह्यू लिहायचं मनात आलं ते त्यावरनंच. माझ्या सासूबाई आल्या जूनच्या शेवटी, ६० दिवसांच्या व्हिसावर. उन्हाळ्यात कशाला बोलावलं असं सगळ्यांनी विचारलं, तर तेव्हा शाळांना सुट्टी, सगळी दुबई भारताकडे निघालेली असते, त्यामुळे उलट्या दिशेचं तिकीट स्वस्त पडतं. आम्ही त्या वर्षी जाणार नव्हतो. जुलैच्या मध्याला एका दुपारी एसीचा कॉम्प्रेसर गेला. ज्यांच्याकडे आमचं वर्षाचं मेंटेनन्स आहे त्यांना फोन, तर म्हणे सीझन आहे, उद्या संध्याकाळी बघू इन्शाल्ला. नवरा ऑफिसला, घर अर्ध्या तासात भट्टी, आईंना बीपी. मी नातूरला (वॉचमनला इथे नातूर म्हणतात) विचारायला खाली उतरले, आई मागोमाग, आणि इक्कांनी काचेतून बघितलं की म्हातारी लाल झालीय. काही विचारलं नाही. काउंटरमागे पेप्सीचा क्रेट उलटा केला, त्यावर पुठ्ठा, त्यावर आई. लिंबूसोडा फोडून हातात दिला, मीठ टाकून. नंतर पैसे विचारले तर ऐकू आलं नाही असं केलं.

तीन-साडेतीन तास आई तिथे बसल्या. मी येऊन जाऊन. आणि त्या तीन तासांत त्यांनी जे बघितलं ते मी सहा वर्षांत बघितलं नव्हतं. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर उन्हात काम करायला बंदी असते, मोडली तर मालकाला माणशी ५००० दिरहम दंड. तर मागच्या रस्त्याचं खोदकाम करणारे लोक त्या वेळात इकडे येतात. खुबूसचं (इथली गोल रोटी) पाकीट, लबान, दोन हिरव्या मिरच्या. मिरच्यांचे पैसे इक्का घेत नाहीत. आणि जाताना प्रत्येक जण काउंटरच्या बाजूचा एकेक पुठ्ठा उचलून नेतो. केळ्याची, चिप्सची खोकी सपाट करून तिथे रचून ठेवलेली असतात. मला वाटायचं रद्दीला देतात. आईंनी विचारलं, तर ते बिल्डिंगच्या सावलीत अंथरून झोपायला. तीन वाजले की परत आणून ठेवतात, घामाचे डाग पडलेले टाकून देतात, बाकीचे दुसऱ्या दिवशी.

भाषा म्हणजे आईंची नागपुरी हिंदी, इक्कांची गल्फची हिंदी, दोन्हींना व्याकरण नाही, त्यामुळे उत्तम जमलं. मी चार वाजता गेले तर आईंनी कोथिंबिरीचा कार्यक्रम हातात घेतलेला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बोटभर पाणी, त्यात मुळं, वरनं ओलं फडकं, आणि डबा सरळ दह्याच्या फ्रीजमध्ये. इक्का हात बांधून उभे. जे मला सहा वर्षांत जमलं नाही ते बाईने एका दुपारी करून दाखवलं. 'अरे बाबा, वो प्यासी है,' असं समजावत होत्या.

एसीवाला तिसऱ्या दिवशी आला. पण आई रोज अकराला खाली जायला लागल्या, कोथिंबिरीचं पाणी बदलायला. कैऱ्या मिळाल्या की पन्हं करून बाटली खाली जायची, त्या सायकलवाल्या पोराला पहिल्यांदा ते औषधच वाटलं. ऑगस्टच्या चोविशीला वगैरे इक्कांनी आनंदाने सांगितलं, अम्मा, सुहैल आला. इथले जुने लोक त्या ताऱ्यावर उन्हाळा मोजतात, तो पहाटे दक्षिणेकडे दिसायला लागला की रात्री हळूहळू निवणार. आईंना वाटलं सुहैल म्हणजे इक्कांचा मुलगा. मग मी फोनवर शोधून दाखवलं तर तो आपला अगस्ती निघाला. त्यावर आई इतक्या खूश झाल्या की पहाटे साडेचारला नवऱ्याला उठवून गच्चीवर घेऊन गेल्या. करामाच्या दिव्यांत दिसतोय कसला. दोघं घामाघूम होऊन परत आले आणि लाल खुणेचा नळ सोडून बसले.

उधारी वहीत लिहितात, महिन्याच्या पगाराला चुकती. एकदा आमच्या नावावर कोणाची तरी अंडी चढली होती, ९० अंडी, बोलल्यावर लगेच खोडलं पण वही स्वतः तपासत जा. भाव हायपरमार्केटपेक्षा जास्त, साबण-तेल-डायपर इथून घेऊ नका. भाजीतली वांगी-भेंडी बरी, पालेभाजी सकाळी आठच्या आत.

आणि एक सर्विस जी बोर्डावर लिहिलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बायका-मुलं भारतात गेली की मागे उरतात ते समर बॅचलर, त्यांची अंडी-ब्रेड-मॅगी हीच ग्रोसरी पुरवते. आणि जे घरंच बंद करून जातात त्यांच्या किल्ल्या काउंटरमागच्या खिळ्यांवर असतात, प्रत्येकीला मास्किंग टेप, त्यावर फ्लॅट नंबर. गेल्या जुलैत मी मोजल्या, अकरा होत्या. कोणाच्या घरी पाणी गळलं, कोणाचा मीटर बघायचा, सगळं नातूर आणि इक्का मिळून. मात्र झाडं देऊ नका. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा मी तुळशीची कुंडी दुकानात ठेवली, त्यांनी मोठ्या मायेनं ठेवली, रोज पाणी घातलं, दारातून उजेड येतो म्हणून बाहेरच्या कोपऱ्यात, नेमकी एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर. पाच आठवडे तिच्यावर ती गरम हवा. परत आले तर काड्या. बिचारे इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी कुठून तरी रोप आणून दिलं, ते सब्जा निघालं. अजून आहे, रोज उदबत्ती लावते, काय करणार.

तर साडेतीन. अर्धा भाव जास्त म्हणून कापला, अर्धा वहीसाठी, अर्धा कोथिंबिरीसाठी, कारण आई ऑगस्टच्या शेवटी गेल्या आणि पंधरा दिवसांत कोथिंबीर परत दाराजवळच्या क्रेटमध्ये. डबा आहे अजून फ्रीजमध्ये, त्यात आता चीजचे त्रिकोण ठेवलेत. विचारलं तर म्हणाले, अम्माला येऊ द्या.

शुक्रवारी नमाजाच्या वेळी साधारण तासभर बंद असतं. बर्फ हवा असेल तर सकाळी अकराच्या आत व्हॉट्सअ‍ॅप करून बाजूला ठेवायला सांगा आणि स्वतः जाऊन आणा, चार मजले बर्फ चढवायला त्या पोराला लावू नका.