कॅम्पातल्या व्यापारी संघटनेचं सभासदत्व: दीड वर्षानंतरचा अनुभव

वर्गणी किती, ऑफिस कुठे, स्नेहमेळावा कधी असतो, हे देवळाली कॅम्पात दुकान असणाऱ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात जात नाही. संघटनेचं नावही देत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. लिहायला बसले त्याचं कारण एकच आहे. मागच्या कसम परेडची, म्हणजे नव्या जवानांच्या शपथेच्या परेडची, तारीख पुढे गेली आणि आमच्या ग्रुपवर त्याची एक ओळ आली नाही.

आमचं दुकान फौजींच्या सामानाचं. काळ्या ट्रंका, होल्डॉल, नेमप्लेट, रिबन, पदकं मढवणं, फ्रेम, ट्रॉफीवर नाव कोरणं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. आमचं गिऱ्हाईक दोन ठिकाणांहून येतं. एक तोफखाना स्कूलमधून. तिथला कोर्स बदलला की गल्ल्यापुढचे चेहरे बदलतात. दुसरं नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रातून. तिथे 2023 पासून अग्निवीरांच्या तुकड्या तयार होतात. प्रशिक्षण संपलं की कसम परेड, आणि परेडला मुलांचे आईवडील येतात, कोणी बिहारमधून, कोणी राजस्थानातून, कोणी आपल्या सांगली-साताऱ्यातून. त्या दिवशी आईवडिलांना गौरव पदक देतात. मग त्यातले काही जण लॅम रोडने आमच्याकडे येतात आणि म्हणतात, हे पदक आणि मुलाचा गणवेशातला फोटो एका फ्रेममध्ये बसवून द्या, संध्याकाळी गाडी आहे.

संध्याकाळी गाडी आहे, यातच सगळं आलं. काच आधी कापून ठेवावी लागते, मखमल आणून ठेवावी लागते, जास्तीचा एक कारागीर रोजावर बोलवावा लागतो. हे सगळं तारखेवर चालतं. ती कळली तर दिवसभरात बरा धंदा होतो. चुकली तर कारागिराचा रोज अंगावर पडतो, आणि खरी परेड होते त्या दिवशी तो दुसरीकडे कामाला असतो. शेजारच्या खाणावळीचं तर बिघडलंच, त्यांनी दुप्पट भाजी आणली होती. तारीख काही गुपित नसते, मुलांच्या घरी कळवलेलीच असते. म्हणजे बिहारमधल्या छपऱ्याच्या शेतकऱ्याला ती माहीत होती आणि परेडपासून काही किलोमीटरवर बसलेल्या दुकानदारांना नव्हती.

मी वर्गणी याच एका गोष्टीसाठी भरत होते. सभासद झाल्यावर पहिल्यांदा तारखेचा मेसेज वेळेत आला तेव्हाच मला संघटना पटली होती. फाटकाच्या आत कोणाशी बोलायचं हे एकट्या दुकानदाराला समजत नाही. ओळखीचे सुभेदार साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात, नवीन माणूस तुम्हाला ओळखत नाही. संघटनेचं लेटरहेड मात्र ओळखतात. छावणीच्या गावात व्यापारी संघटनेचं मुख्य काम हेच आहे असं मला वाटतं. आतली जी माहिती बाहेर यायला हरकत नाही ती बाहेर आणायची, आणि बाहेरची अडचण आत पोचवायची.

त्याऐवजी जोर कशावर, तर ‘जवानांना 10 टक्के सूट’ या पाट्यांवर. पाटी लावा, फोटो पाठवा, फोटो समारंभात दाखवू. जवानाबद्दल मला आदर आहे, तो पाटी लावून सिद्ध करायची गरज नाही. आणि हिशेब बघा. लष्कराच्या कॅन्टीनला जीएसटीचा निम्मा परतावा मिळतो. साबण, बॅग, बूट, मिक्सर त्यांच्या भावात आम्ही विकू शकत नाही, दहा टक्के सोडले तरी नाही. कॅन्टीन जे देत नाही ते आम्ही देतो. बदलीचा हुकूम आल्यावर रात्रीत ट्रंकेवर नाव आणि नंबर रंगवून देणं, उद्याच्या समारंभासाठी रिबन योग्य क्रमाने शिवून देणं, गावाकडे सामान पार्सल करणं. संघटनेने हे पुढे आणावं. सूट सभासदाच्या खिशातून जाते आणि नाव संघटनेचं होतं, हे मला मान्य नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘यंदा वर्गणी भरणार नाही’ असं होतं. ते वाक्य मी काढलं, कारण मधल्या काळात बिलाचं प्रकरण झालं.

एका कार्यालयाकडे आमचं ट्रॉफ्यांचं आणि बोर्डांचं बिल अडकलं होतं. कोणतं ते सांगत नाही. दरवेळी ‘फाइल वर गेली आहे’ एवढंच उत्तर. संघटनेच्या ऑफिसात हिशेब बघणारे एक काका आहेत, त्यांना कागद दाखवले. त्यांनी बिलाआधी माझं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागितलं आणि लगेच म्हणाले, “ताई, यात तुम्ही फक्त किरकोळ विक्रेत्या आहात.” 2021 मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापारी उद्यम नोंदणीत आले खरे, पण त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. पैसे 45 दिवसांत मिळण्याचं जे संरक्षण सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात आहे, ते उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना. आम्ही तर कोरतो, मढवतो, शिवतो. ते काम खरंच आमच्याच दुकानात होतं, पण नोंदणीत कधी आलंच नव्हतं. काकांनी ते तिथल्या तिथे घालून दिलं. पुढच्या कामांना ते लागू होईल. जुन्या बिलासाठी त्यांनी संघटनेच्या लेटरहेडवर साधं, सभ्य पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन पोच घेऊन आले. पैसे आले. तक्रार करायची वेळच आली नाही.

हे काम कोणत्याही पाटीपेक्षा मोठं आहे आणि संघटनेच्या अहवालात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट नव्या सभासदांनी लक्षात घ्यावी. छावणी परिषदेचा, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, अध्यक्ष पदसिद्ध लष्करी अधिकारी असतो, मुख्य कार्यकारी अधिकारी केंद्राच्या संरक्षण संपदा सेवेतला. पूर्वी निदान वॉर्डातला निवडून आलेला माणूस तरी होता. देशभरातल्या 57 छावण्यांची 30 एप्रिल 2023 ला ठरलेली निवडणूक त्याच वर्षी मार्चमध्ये रद्द झाली आणि कारभार तीन जणांच्या मंडळावर राहिला, त्यात नागरिकांचा एकच नेमलेला सदस्य. परवाना, पाणी, गटार, दुकानापुढची शेड, यासाठी दुकानदाराने जायचं कोणाकडे? अशा वेळी संघटनेचं वजन आपोआप वाढतं. ते तिने वापरायला हवं.

वर नागरी भाग छावणीतून काढून शेजारच्या पालिकेत घालायची चर्चा आहेच. हिमाचलमधल्या खास योलचा नागरी भाग 2023 मध्ये छावणीतून निघाला. उद्या इथे कोणी विचारलं की कॅम्पातली किती दुकानं फौजी गिऱ्हाइकावर चालतात, किती घरं त्यावर जगतात, तर आमच्या संघटनेकडे आकडा नाही. अमेरिकेत 1988 ते 2005 मध्ये लष्करी तळ बंद करायच्या पाच फेऱ्या झाल्या, तेव्हा तिथल्या गावांचे व्यापारी चेंबर त्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे आकडे घेऊन उभे राहिले होते. आपल्याला निदान सभासदांची नीट यादी करायला काय हरकत आहे? मी सर्वसाधारण सभेत हे बोलले. दोघांनी मान डोलावली आणि चर्चा पुन्हा स्नेहमेळाव्याच्या जेवणावर गेली. त्या जेवणाचा खर्च वर्गणीतूनच होतो, आणि तो मला जास्त वाटतो. त्या पैशांत काकांच्या हाताखाली अर्ध्या दिवसाचा एक मुलगा ठेवता येईल, कारण आता ऑफिस दुपारी बंद असतं आणि आम्हाला मोकळा वेळ नेमका दुपारीच मिळतो.

तर, घ्यावं की नाही? युनिटांना माल देत असाल, कोरीव काम, शिवण, छपाई करत असाल तर जरूर घ्या, बिलाच्या पहिल्या अडचणीतच वर्गणी वसूल होते. नुसतं किराणा किंवा मोबाइल रिचार्जचं दुकान असेल तर एक वर्ष थांबून बघा. मी वार्षिक वर्गणी भरली आहे. आजीव सभासदत्वाचा फॉर्म दिला होता तो परत केला आणि सोबत अर्ज दिला, की परेडच्या तारखेची आणि तिच्यातल्या बदलाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका आणि त्याचा नंबर ग्रुपवर लावा. अर्जाची पोच घेतली आहे. पुढची तुकडी बाहेर पडायच्या आत उत्तर आलं तर इथे खाली लिहीन.