तेर की हिरेबेनकल?

सोलापूरहून सकाळी निघून रात्री घरी यायचं असेल, तर धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठा. हेच प्राचीन तगर शहर. ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. विटांचं त्रिविक्रम मंदिर, लामतुरे संग्रहालय, सगळं गावातच. संग्रहालयातल्या हस्तिदंती मूर्तीपुढे घाई करू नका. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडली आहे.

हिरेबेनकल कर्नाटकात, गंगावतीजवळ. मुक्काम करावा लागतो, डोंगर चढावा लागतो. पण वर लोहयुगातली शेकडो शिळास्मारकं आहेत! उभ्या शिळांवर छतासारखी शिळा, काही माणसापेक्षा उंच, काहींना गोल भोक. माझं मत ठाम हिरेबेनकलच. थंडीत जा, भरपूर पाणी न्या, शिळांवर मात्र चढू नका.