शेकडो वंशवृक्ष सजवायचेत: फिगट्री, आयटॉल, जीजीट्री की ईटीई?

उत्क्रांतिवृक्ष, म्हणजे प्रजातींचं नातं फांद्यांनी दाखवणारी चित्रं, सजवायला वरची चारही सॉफ्टवेअर वापरतात. एक-दोनच वृक्ष सजवायचे असतील तर फिगट्री घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. खरी अडचण येते ती तीनशे जनुकांचे तीनशे वृक्ष असतात आणि सगळ्यांत तेच रंग, तीच अक्षरं हवी असतात तेव्हा. अशा वेळी मी आधी एवढंच बघते की सजावटीचा नियम कुठे राहतो: माउसच्या क्लिकमध्ये, की पुन्हा वापरता येईल अशा मजकुरात?

फिगट्री इथे वाटतं तितकं कच्चं नाही. त्याच्या बहुतेक सेटिंग्ज नेक्सस फाइलच्या (वृक्ष साठवायच्या मजकूर फाइलच्या) शेवटी साध्या मजकुरात उतरतात. तो तुकडा स्क्रिप्टने बाकीच्या फाइलींना जोडायचा आणि कमांड लाइनवरून पीडीएफ काढायच्या. फांद्यांचे रंग मात्र त्या तुकड्यात नसतात, ते त्या-त्या वृक्षातच लिहिलेले असतात, आणि तिथेच हा उपाय थांबतो.

आयटॉल ब्राउझरमध्ये चालतं. रंगपट्ट्या, स्तंभ, हीटमॅप यांची साधी टेक्स्ट फाइल वृक्षावर ओढून टाकली की काम झालं. शोधनिबंधातल्या एकाच मोठ्या, गोलाकार वृक्षासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. पण वृक्ष घाऊक चढवायचे-उतरवायचे तर सशुल्क वर्गणी लागते.

आर ही प्रोग्रामिंग भाषा येत असेल तर तिच्यातलं जीजीट्री हे पॅकेज घ्या. प्रजाती, ठिकाण, उंची असा तक्ता %<+% या चिन्हाने वृक्षाला जोडता येतो. त्याहून मोलाचं आहे %<%: एका वृक्षाचं चित्र मनासारखं जमलं की त्याच साच्यात दुसरा वृक्ष बसवता येतो.

आता यातला खरा धोका. समजा, पश्चिम घाटातल्या बेडकांचे वृक्ष आहेत आणि इंडिराना हा गट हिरवा करायचाय. गाठीचा (जिथे फांद्या फुटतात त्या जागेचा) क्रमांक देऊन रंगवलंत तर पुढच्या वृक्षात तोच क्रमांक भलत्याच गाठीला असतो. म्हणून टोकांची, म्हणजे टोकाला असलेल्या प्रजातींची, नावं देऊन त्यांचा शेवटचा सामाईक पूर्वज शोधायचा. आयटॉलमध्येही दोन टोकांची नावं देऊन हेच करता येतं. पण एखाद्या जनुकाच्या वृक्षात हा गट एकसंध (एकाच पूर्वजाखाली, मध्ये परकं कोणी नाही असा) नसेलच, तर त्या पूर्वजाखाली परक्या प्रजातीही येतात आणि त्याही हिरव्या होतात. चित्र देखणं दिसतं आणि साफ खोटं सांगतं. तीनशे चित्रं कोणी एकेक करून तपासत नाही, म्हणून ही चूक छापली जाऊ शकते.

याच कारणासाठी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा येणाऱ्यांना मी तिच्यातलं ईटीई सुचवते. गट एकसंध आहे का, हे तपासणारं फंक्शन त्यात तयार आहे. सजावटीचं फंक्शन प्रत्येक गाठीवर चालतं, त्यामुळे ‘एकसंध असेल तर हिरवा, नसेल तर करडा’ असा नियम दोन-चार ओळींत लिहिता येतो. आरमध्येही एप पॅकेजच्या मदतीने हे जमतं, फक्त तपासणी आपण आठवणीने जोडावी लागते. ईटीई ३ ला चित्रासाठी पायक्यूटी हे वेगळं पॅकेज लागतं. पडदा नसलेल्या सर्व्हरवर एक्सव्हीएफबीसारख्या (आभासी पडदा पुरवणाऱ्या) सोयीशिवाय ते अडू शकतं, तेव्हा आधी एक वृक्ष चालवून बघा.

आणि तुमचे हजारो वृक्ष बेझियन विश्लेषणातून (एका वृक्षाऐवजी अनेक संभाव्य वृक्ष देणाऱ्या सांख्यिकी पद्धतीतून) आलेले, एकाच वंशाचे नमुने असतील, तर त्यांना वेगवेगळं सजवूच नका. डेन्सिट्री हा प्रोग्राम ते सगळे एकमेकांवर पारदर्शक रेखाटतं, आणि मतभेद कुठे आहेत ते लगेच दिसतं.